टोमॅटोला ताटी का लागते?

धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यात न्हाणीच्या मागे डोकावले, तर सांडपाण्याच्या चरीला लागून टोमॅटोचे एखादे झाड हमखास दिसते. ते कोणी लावलेले नसते. खरकट्या ताटांच्या आणि भाजी धुतल्याच्या पाण्याबरोबर बी तिथवर वाहत येते, पावसाळ्यात रुजते, दसऱ्यापर्यंत गुडघाभर वाढते आणि मग कोणी ढकलल्यासारखे आडवे होते. थंडी पडली की त्या पसाऱ्यात हात घालून घरातली बाई वरणापुरते दोन-तीन ‘टमाटे’ काढून आणते. त्यातले एखादे हाताला मऊ लागते. जमिनीला टेकलेल्या बाजूने ते सडलेले असते.

त्याच घराच्या पुढच्या अंगणात रोपवाटिकेतून आणलेले रोप कुंडीत लावलेले असते. त्याला रोज पाणी मिळते, आधाराला काठी असते, खतही असते. रोप छातीला लागते, पिवळ्या फुलांनी भरते आणि एके दिवशी सगळी फुले कुंडीत पडलेली दिसतात.

कोणी न पाहिलेले झाड फळ देते आणि जपलेले देत नाही, हे कोडे परसबाग करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडते. त्याचे उत्तर टोमॅटोच्या अंगच्या सवयींत आहे. त्या सवयी कळल्या की ताटी कशी बांधायची, कुठली फूट मोडायची आणि पाणी केव्हा द्यायचे, हे पाठ करावे लागत नाही.

वेल नाही, झाडही नाही

दोडक्याला, कारल्याला कुरळे तणावे असतात. जवळची काडी सापडली की ते तिला विळखा घालतात. वालाचा वेल स्वतःच काठीभोवती पीळ घेत चढतो. टोमॅटोकडे यातले काहीच नाही. त्याला तणावे नाहीत, पीळ घालण्याची सवय नाही आणि वांग्याच्या झाडासारखे टणक खोडही नाही, जरी दोघे एकाच कुळातले असले तरी. त्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पश्चिम अंगाला जमिनीवर पसरून वाढणारे. पुढे मेक्सिकोत ते शेतात आले, तिथून स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेले आणि पोर्तुगिजांमार्फत आपल्याकडे पोहोचले. एवढा प्रवास करूनही लोळण्याची सवय काही सुटली नाही.

लोळण्यात त्या झाडाचा फायदाच होता. टोमॅटोच्या खोडाचा खालचा भाग बोटांनी चाचपला तर तांदळाच्या कणीएवढे बारीक उंचवटे लागतात. या मुळांच्या कळ्या आहेत. ओल्या मातीचा स्पर्श झाला की त्यांतून मुळे फुटतात. आडवे पडलेले झाड जिथे टेकते तिथे रुजते आणि पुढे सरकते. न्हाणीमागचे झाड आडवे पडले म्हणजे आजारी पडले असे मुळीच नाही. ते त्याच्या आजोळच्या रीतीने वागत असते.

ही सवय लागवडीत कामाला येते. रोप लावताना खालची पाने खुडून खोड निम्म्यापर्यंत मातीत पुरले, तर पुरलेल्या सगळ्या भागाला मुळे येतात. बालाघाटाच्या उतारावर, जिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तिथे खोल खड्डा घेणे अवघड जाते. अशा ठिकाणी उथळ चर काढून रोप आडवे ठेवायचे आणि शेंडा तेवढा वर वळवायचा. दोन-तीन दिवसांत शेंडा आपोआप सरळ होतो आणि खोड मातीखाली मुळांचे जाळे विणू लागते. वांग्याच्या किंवा मिरचीच्या रोपावर मात्र हा प्रयोग करू नये.

एकमेकांच्या खांद्यावर चढलेल्या फांद्या

टोमॅटोचे खोड खालून वरपर्यंत एकसंध दिसते. प्रत्यक्षात ते एक खोड नसतेच.

बी रुजल्यावर शेंडा साधारण सात ते अकरा पाने काढतो आणि मग फुलांचा घोस होऊन स्वतःला संपवतो. त्याचे काम तिथे थांबते. घोसाच्या लगेच खालच्या पानाच्या बगलेत जो डोळा असतो, तो जोर धरतो, घोसाला बाजूला सारतो आणि स्वतः शेंडा होऊन वर निघतो. तीन पाने काढून तोही घोसात संपतो. पुन्हा खालचा डोळा पुढे येतो. दहीहंडीच्या थरात एकाच्या खांद्यावर दुसरा चढावा, तसे हे थर रचले जातात, आणि लांबून पाहणाऱ्याला सरळ वाढणारे एकच खोड दिसते.

याची खूण झाडावरच दिसते. इतर फांद्या पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघतात. फुलांचा घोस मात्र पानाजवळ नसून दोन पानांच्या मधल्या उघड्या पेरावरून, कुठल्याही बेचक्याशिवाय निघालेला असतो, कारण तो मूळचा शेंडा आहे. बगलफूट काढताना घोस चुकून मोडू नये म्हणून एवढी एक ओळख पुरते. बेचक्यात असेल ती फूट, उघड्या पेरावर असेल तो घोस.

हे थर किती वेळ चढत राहतात, यावर टोमॅटोच्या दोन जाती पडतात. वाढतच राहणारी, म्हणजे वेली जात पाणी-खत मिळेल तोवर थांबत नाही. झुडपी जातीत प्रत्येक थराला पाने कमी कमी होत जातात आणि शेवटी दोन घोस लागोपाठ येऊन वाढ बंद होते. हा बदल 1914 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात एका झाडावर आपोआप झालेला आढळला. आज सॉस-केचपसाठी यंत्राने एकदम काढला जाणारा टोमॅटो त्याच गुणावर उभा आहे.

परसबागेत दोन्हींना जागा आहे. झुडपी जात दीड-दोन महिन्यांत बरीचशी फळे देऊन मोकळी होते. वेली जात थोडी थोडी पण महिनोन् महिने देते आणि रोजच्या भाजीला तीच बरी. घरच्या बागेसाठी ‘पुसा रुबी’, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘धनश्री’, ‘भाग्यश्री’ अशा सुधारित वाणांचे बी धरता येते. संकरित वाणाच्या फळातून धरलेले बी मात्र आईसारखे निघत नाही. न्हाणीमागे उगवलेले फळ बाजारातल्यापेक्षा बरेचदा लहान आणि आंबट लागते, त्याचे एक कारण हेही आहे.

उभे केल्याने काय बदलते

लोळणे झाडाला मानवत असेल, तर त्याला उभे करण्याचा खटाटोप कशाला? झाडाला हवे ते आणि घरातल्या माणसांना हवे ते एक नाही, म्हणून. झाडाला बी पसरायचे असते आणि फळ मातीत सडले तरी त्याचे काम होते. माणसाला अख्खे फळ हवे असते.

पहिला प्रश्न मातीच्या शिंतोड्यांचा. पावसाचा थेंब किंवा पाइपची धार उघड्या मातीवर आदळली की चिखलाचे कण हातभर उंच उडतात. मातीतल्या जुन्या पालापाचोळ्यात लवकर येणाऱ्या करप्याची बुरशी असते आणि शिंतोड्यांबरोबर ती खालच्या पानांवर जाऊन बसते. पानावर गोल तपकिरी ठिपका पडतो. निरखून पाहिले तर त्यात एकात एक कडी दिसतात, चांदमारीच्या फळ्यासारखी. अशी कडी दिसली तर तो बहुधा करपाच. तो खालून वर चढत जातो. खालची हातभर पाने काढून झाड बांधून घेतले की बुरशीची पहिली पायरीच नाहीशी होते.

दुसरी गोष्ट दवाची. बुरशीला पानावर काही तास सलग ओल लागते. मार्गशीर्ष-पौषात पहाटेचे दव पडलेल्या पसाऱ्यात ही ओल दुपारपर्यंत टिकते. ताटीवरच्या झाडाला सकाळचे ऊन आणि वारा लागतो आणि पाने लवकर सुकतात. ओले धुणे बादलीत ठेवणे आणि दोरीवर वाळत घालणे, एवढा हा फरक आहे.

आणि जागा. पसरलेले एक झाड वाफ्याचा दीड-दोन मीटर भाग व्यापते. उभे केले तर तेवढ्याच जागेत तीन-चार झाडे मावतात, खाली कोथिंबीर किंवा मेथीही निघते.

पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या पर्णगुच्छ विषाणूवर मात्र ताटीचा इलाज चालत नाही. पाने आखडून वाटीसारखी झाली की ते झाड उपटून टाकणेच बरे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण हा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकार करतो. ज्या घरी हा रोग दरवर्षी येतो, त्यांनी तो लावून पाहावा.

तुराट्या, तार आणि सुतळी

जुन्नर किंवा नाशिककडे टोमॅटोच्या शेतात बांबू आणि तारांच्या रांगा लांबवर दिसतात. तिथली नेहमीची रीत अशी: सरीच्या दोन्ही टोकांना जाड डांब, मध्ये दर दहा फुटांवर सहा फुटी काठी, आणि जमिनीपासून 45, 90 व 120 सेंटिमीटरवर 16 गेजच्या तीन तारा. झाड वाढेल तसे सुतळीने एकेका तारेला बांधत जायचे.

परसबागेतल्या पाच-सहा झाडांसाठी एवढा खर्च लागत नाही. धाराशिवमध्ये तूर घरोघरची आहे आणि तूर झोडून झाल्यावर बांधावर तुराट्यांचे ढीग पडतात. या काड्यांनी पूर्वी कूड विणले, छपरे घातली, चुली पेटवल्या. सरळ, हलकी आणि पुरुषभर उंचीची तुराटी टोमॅटोला मापाची होते. तिचा दोष एकच, एकटी तुराटी फळांच्या भाराने वाकते. म्हणून तिघींची जुडी करावी, किंवा तीन तुराट्या त्रिकोणात रोवून शेंडे एकत्र बांधावेत. तिपाई डुलत नाही, कारण प्रत्येक पाय दुसऱ्या दोघांना तोलून धरतो.

काळ्या मातीत आणखी एक अडचण येते. पावसाळ्यात फुगलेली माती डांब घट्ट धरते. माघात तीच आकसते, भेगाळते आणि डांबाभोवती बोटभर पोकळी राहते. ऐन फळांच्या भारात ताटी कलते ती यामुळे. खड्ड्यात डांबाभोवती काळी माती न भरता मुरूम ठोकून बसवला तर पकड टिकते.

> चौकट : चार झाडांची ताटी
>
> दोन झाडांत दोन फूट अंतर. रांगेच्या दोन्ही टोकांना सात फुटी डांब, दीड फूट गाडलेले, आणि बाहेरच्या बाजूने मेखेला ताण.
> तीन तारा किंवा जुन्या ठिबकच्या नळ्या. प्रत्येक झाडामागे तुराट्यांची जुडी, तिन्ही तारांना बांधलेली.
> ताटी रोप लावायच्या दिवशीच उभी करावी. महिन्याने काठी ठोकली तर पसरलेली मुळे तुटतात.
> सुतळीचा एक फेरा काठीला घट्ट, दुसरा खोडाला सैल, मध्ये इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ. खोडाच्या फेऱ्यात करंगळी सहज शिरली पाहिजे. घोसाच्या थेट खाली बांधू नये, भार आला की देठ सुतळीवर दाबला जातो.

सुतळीऐवजी जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या अधिक चांगल्या. रुंद असल्याने त्या खोडात रुतत नाहीत. नायलॉनची दोरी वाऱ्याने हलणाऱ्या खोडाला करवतीसारखी कापते.

बगलफूट किती काढावी?

मोबाइलवरचे बागकामाचे पुष्कळसे व्हिडिओ सांगतात की एकच खोड ठेवा आणि बाकी सगळी फूट मोडा. हा सल्ला थंड देशांतल्या काचघरांचा आहे. तिथे ऊन कमी पडते, म्हणून प्रत्येक पान उजेडात आणावे लागते. धाराशिवमध्ये उन्हाचा तुटवडा नाही. पाने फार काढली की फळ उघडे पडते आणि उन्हाकडच्या बाजूला पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो. पुढे तिथेच बुरशी शिरते.

इथे दोन ते तीन खोडे ठेवणे शहाणपणाचे. पहिल्या घोसाच्या लगेच खालची बगलफूट सर्वांत जोमदार असते. ती राखावी, तिच्या खालच्या सगळ्या काढाव्यात. वरच्या भागात दाटी झाली तरच हात लावावा. झुडपी जातीत तर पहिल्या घोसाच्या वर काहीच मोडू नये, तिथली फूट म्हणजेच पुढची फळे. फूट बोटभर असतानाच, ऊन वर आल्यावर खुडली तर जखम दुपारपर्यंत सुकते.

हे काम झाल्यावर बोटे पाहावीत. आधी हिरवट, मग काळपट होतात आणि साबण लावला की फेस पिवळा निघतो. खोडावरच्या बारीक लवेच्या टोकाला चिकट रसाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. हात लागताच त्या फुटतात. टोमॅटोच्या पानांचा उग्र वासही त्यातलाच. लहान किड्यांना अडकवण्यासाठी झाडाने केलेली ती तजवीज आहे.

काळ्या मातीतले पाणी

फळाचे बूड काळे पडून चामड्यासारखे झाले की कोणीतरी सांगतो, कॅल्शियम कमी आहे, चुना टाका. आजार खरोखर कॅल्शियमचाच आहे, पण धाराशिवच्या काळ्या मातीत चुनखडी आधीच भरपूर असते. बरेचदा नांगराला तिचे पांढरे खडे लागतात. मग कमतरता कुठून येते?

कॅल्शियम झाडात फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते. पाने हवेत पाणी सोडतात, त्या ओढीने मुळांकडून पाणी येते आणि कॅल्शियम त्यावर स्वार होऊन जाते. पानांची ओढ मोठी असते. गुळगुळीत सालीचे फळ पाणी फारसे सोडत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला कमी येते. एखाद्या नळयोजनेत पुढच्या घरांनी मोटार लावली की शेवटच्या घरी धार लागत नाही, तसेच फळाच्या बुडाचे होते. ते वाटेतले सर्वांत शेवटचे घर. चार दिवस माती सुकली तर कॅल्शियम पहिल्यांदा तिथेच तुटते.

याच्या उलट, सुकलेल्या मातीला एकदम भरपूर पाणी दिले की फळ आतून फुगते, साल तेवढी ताणत नाही आणि देठाजवळ तडकते. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच: पाण्याचा धरसोडपणा. चुन्यापेक्षा वाफसा सांभाळावा.

नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हे कसे जमवायचे? जुना उपाय मडक्याचा. बिनझिलईचे मातीचे मडके दोन झाडांमध्ये गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, की भोवतालची माती जेवढी कोरडी होईल तेवढेच पाणी ते झिरपू देते. वरून झाकण हवे, नाहीतर डास होतात. दुसरा उपाय आच्छादनाचा. सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट चार बोटे जाड पसरले की ओल टिकते, भेगा कमी पडतात, त्यामुळे बारीक मुळे तुटत नाहीत आणि शिंतोडेही थांबतात. खताला उस्मानाबादी शेळीच्या या मुलखात लेंडीखत उत्तम, पण कुजलेले आणि लागवडीआधी मातीत मिसळलेले. फुले आल्यावर जास्त नत्र मिळाले तर झाड पाल्यावरच जोर देते.

थोड्या पाण्यावर घरचे अन्न पिकवण्याची मोठी चळवळ याच भागातल्या बायकांनी उभी केली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्यानंतरच्या पुनर्वसनात लातूर-धाराशिवच्या गावांत काम करता करता प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था स्त्रियांच्या शेतीकडे वळली. कुटुंबाच्या जमिनीतला एकरभर तुकडा बाईच्या निर्णयाखाली यावा, त्यात नगदी पिकाऐवजी भाज्या, डाळी, धान्ये असावीत आणि खत घरचे असावे, असे हे एक एकराचे प्रारूप. 2017 मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. भाजीचा वाफा घराची गरज म्हणून आखला, की पाण्याचा हिशेबही वेगळा होतो, हे या बायकांनी दाखवून दिले.

फुले का गळतात?

आता अंगणातल्या कुंडीकडे परत यायला हवे.

टोमॅटोचे फूल स्वतःच स्वतःला फळवते. पिवळ्या पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसरांचा एक शंकू असतो, परागकण त्याच्या आत आणि स्त्रीकेसर त्याच्या पोटातून गेलेला. मिठाच्या डबीसारखी ही रचना आहे. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. वारा ते काम करतो. भुंग्यासारख्या काही रानमाश्या फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि परागांचा सडा पाडतात. घरची मधमाशी ही युक्ती जाणत नाही. भिंतींच्या कोंदणात वारा नसेल, तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास ताटीच्या तारेला दोन-चार टिचक्या माराव्यात. चारही झाडांची फुले एकदम हलतात. ताटीचा हा फायदा सहसा कोणी मोजत नाही.

पण पराग मेलेलेच असतील तर टिचकी काय करणार? दिवसा पारा 35 अंशांच्या वर आणि रात्री चोविशीच्या वर राहिला की पराग नीट तयार होत नाहीत. सर्वांत नाजूक काळ फूल उमलण्याच्या सुमारे दहा दिवस आधीचा, कळी बारीक असतानाचा. म्हणून आज गळणाऱ्या फुलाचे कारण ते कळी असतानाच्या उन्हात असते. फळ धरले नाही की देठावर गुडघ्यासारखा जो सांधा दिसतो, तिथून झाड फूल सोडून देते.

कोडे इथे सुटते. न्हाणीमागचे झाड पावसाळ्यात उगवले आणि कार्तिकातल्या गार रात्रींत फुलले. कुंडीतले रोप जानेवारीत आले, मार्च-एप्रिलमध्ये फुलले. इथे घरगुती टोमॅटोसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये बी टाकून, पंचवीस-तीस दिवसांचे रोप ऑक्टोबरपर्यंत लावणे सर्वांत निर्धास्त.

घाटेअळीचा दुसरा पत्ता

याच हंगामात शिवारात हरभरा असतो आणि त्यावरची घाटेअळी टोमॅटोचीही तितकीच शौकीन. फळ पोखरणारी म्हणून जी अळी सांगितली जाते, ती हीच. हिरव्या फळात तोंड आणि अर्धे अंग खुपसून, उरलेले अंग बाहेर ठेवून ती खात बसते. ताटीवर फळे डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे सकाळी फेरी मारताना ती हाताने वेचता येते. तिच्या पतंगाला झेंडू अधिक आवडतो. शेतासाठी टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ अशी शिफारस आहे आणि झेंडूचे रोप टोमॅटोपेक्षा वीसेक दिवसांनी मोठे हवे, म्हणजे दोघे एकाच वेळी फुलतात. नवरात्रासाठी लावलेल्या झेंडूचे चार बुंधे ताटीच्या टोकांना राखले तरी परसबागेचे भागते.

फाल्गुन लागला की ताटीवरची शेवटची फळे लाल व्हायला तयार नसतात, केशरी-पिवळ्यावरच थांबतात. लाल रंग देणारे लायकोपिन 30-32 अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळा-नारिंगी रंग देणारे कॅरोटीन मात्र होत राहते. बुडाला गुलाबी छटा दिसताच फळ तोडून घरात, सावलीत टोपलीत ठेवले तर ते तिथे चांगले लाल होते. पिकण्याचा इशारा देणारा इथिलिन वायू तोवर फळातच तयार होऊ लागलेला असतो, झाडाची गरज उरत नाही. टोपली भरली की सुतळ्या सोडायच्या, करपा असेल तर पाला वाफ्याबाहेर जाळायचा आणि वाळलेल्या तुराट्या चुलीपाशी नेऊन ठेवायच्या. पुढच्या ताटीसाठी यंदाच्या तुरीच्या नव्या तुराट्या बांधावर आलेल्याच असतात.